डोंगराच्या दाबाची आणि चुन्याच्या बोळ्याची बखर

श्री. पृथ्वीचें ओझें माथां घेऊन जो हूं कीं चूं करीत नाहीं, त्या शेषास नमन. शके पंधराशें अठ्ठ्याऐंशी, पराभव नाम संवत्सरीं, एका राज्यांत पाणी आटलें, आणि महाराजांनीं डोंगरापलीकडील नदी पूर्वपश्चिम भुयार खोदून राजधानीस आणावी ऐसी आज्ञा केली. आधीं डोंगराचें पोट पाहावें म्हणोन हैबतराव कारखानीस यांणीं माथ्यावरून खोल वाटोळें छिद्र पाडविलें, आणि दिवा सोडून पाहातात तों छिद्राचा पूर्वेचा व पश्चिमेचा गाल ढलपे सुटून खचलेला, उत्तर दक्षिण शाबूत. बांगडी दोहोंकडून आवळली तर आडवी फुगते, तैसेंच हें. डोंगर उत्तर दक्षिणेकडून आवळीत होता, आणि गाल जितका रुंद फुटला तितका जोर मोठा. भुयार त्या जोरास आडवें गेलें तर छत माणसांवर येणार, आणि भुयाराचा मुकादम हैबतरावांचा जांवई सटवाजी. परंतु त्या दरबारीं रीत ऐसी, कीं महाराजांचे नजरेस तडा पडूं द्यावयाचा नाहीं. फुटकी घागरही लिंपून ठेवीत. दिवाणजी म्हणाले, "हैबतराव, भोंक वाटोळें दिसूं द्या. डोंगराचें आम्ही पाहून घेऊं." नांव हैबतराव, काळीज सशाचें, मग चुन्याचा बोळा दोरास बांधून छिद्रांत फिरविला, खचले गाल लिंपिले, आणि महाराज वांकून पाहून संतोष पावले, आणि भुयार सुरू जाहलें.

मग एके दिवशीं सटवाजी जेवावयास आला, तों पागोट्यांतून ताटांत दगडाचे पापुद्रे पडले. "मामा, छत पापडासारखें उडतें, आणि आंत कोणी बोटें मोडावीं तैसा आवाज होतो," म्हणोन हंसला, आणि जेवून कामावर परतला. हैबतरावांचा घास तोंडांत फिरूं लागला. बायको म्हणाली, "अहो, चुना महाराजांस दिसला. डोंगरास दिसला का?" मग ते उष्ट्या हातानेंच दरबारीं गेले, आणि सर्व सांगितलें. दिवाणजी छताची नक्षी न्याहाळूं लागले. महाराजांनीं पुसिलें, "इतके दिवस भय कोणाचें धरिलेंत?" "कालपर्यंत आपलें, महाराज."  मग भुयार उत्तर दक्षिण फिरवावें, पाणी वळशानें येवो, आणि माणसें हैबतरावांनींच आंत जाऊन काढावीं, ऐसें महाराजांनीं फर्माविलें. आणि ते गेले, आणि माणसें निघालीं. "मामा, पुढें व्हा." "गप. चुना मी लाविला, शेवट मी निघेन." आणि दोघे भुयाराचे तोंडाबाहेर येतात न येतात, तों आंत बोटें मोडल्यासारखें जाहलें, मग अवघा हात मोडल्यासारखें, आणि छत बसलें.

सारांश, पाणी उशिरां आलें, परंतु आलें. महाराज पुढें कोणतीही भिंत दाखविली तर आधीं नखानें खरवडून पाहात. आणि हैबतरावांचे घरांत त्यांच्या हयातींत पोराबाळांची दृष्ट काढतांना कोणी बोटें मोडिलीं नाहींत.