चेरीच्या झाडावर टांगलेले सासरे

“अर्ध्या तासाचं काम,” मी घरभर जाहीर केलं. माझी छोटी आयपेरी दुपारी झोपली की सासऱ्यांची सीडी संगणकात उतरवायची आणि ते जाऊन वर्ष भरल्यावर त्यांच्या आठवणीत घालतात त्या आशच्या जेवणाला त्यांचा तीन तारांचा कोमुझ सगळ्या पाहुण्यांना ऐकवायचा. एका शिष्यानं घरी येऊन भरलेली ही एकच सीडी. दुसरी प्रत नाही.

धाकटा दीर तिलेक म्हणाला, “वहिनी, झटपटवालं सॉफ्टवेअर घ्या. ओरखडा आला की ते अंदाजानं भरून काढतं.”

“अंदाजानं भरलेले सासरे मला नकोत,” मी म्हटलं आणि हट्टी सॉफ्टवेअर घेतलं. ते एकेक जागा पुन्हापुन्हा वाचतं, जुळल्याशिवाय पुढे सरकत नाही. अगदी माझ्या सासूबाईंसारखं. त्यांना आम्ही आपा म्हणतो.

सीडी उतरली. मग त्यानं विचारलं, कलाकाराचं नाव? आता सून सासऱ्यांचं नाव घेते होय! लिहायलाही हात धजेना. जागा रिकामी सोडली. त्यानं आपणहून लिहिलं, ‘अज्ञात कलाकार’.

दुसऱ्या दिवशी तिलेकच्या लग्नाची सीडी घातली. नाव पुन्हा रिकामं. ‘याच नावाचं आधीच आहे, त्यावरच लिहू?’ एका हातात लापशीची वाटी, दुसऱ्या हातात आयपेरी. कोपरानं ‘हो’ दाबलं.

“उतरले का गं ते?” आपांनी विचारलं.

“उतरले, आपा.”

मग त्यांनी ती, त्यांच्या मते रिकामी झालेली, सीडी दोऱ्यात ओवून चेरीच्या झाडाला बांधली. साळुंक्या पळवायला आमच्या गल्लीत सगळेच बांधतात. महिनाभर ऊन, एकदा गारा.

आशला चार दिवस उरले तेव्हा आपांना बसवून मी फाईल लावली. तिलेकच्या लग्नातलं नवऱ्याच्या मामांचं झिंगलेलं भाषण सुरू झालं, मग नाच. आपा डोक्याच्या रुमालाच्या टोकाशी चाळा करत बसल्या होत्या.

“हे झाल्यावर ते येतील ना?”

कोपरानं दाबलेला तो ‘हो’ मला आठवला. तिलेक झाडावरची सीडी काढायला शिडी आणायला गेला.

हट्टी सॉफ्टवेअर दोन दिवस घरघरत होतं. मी पाहुण्यांसाठी कणकेचे बोर्सोक तळता तळता जाऊन बघत होते. सीडीवरच्या अकरापैकी दहा तुकडे गेले. पहिला तेवढा वाचला, एकोणीस सेकंदांचा. आधी तारा जुळवल्याचा आवाज, मग खाकरणं, मग सासरे, आपांना नेहमीची हाक मारत: “बायबिचे, दार लाव. वारा येतोय.” बस्स. कोमुझ सुरू व्हायच्या आत संपलं.

आपांनी ते तीनदा ऐकलं. आयपेरी माझ्या खांद्यावर झोपून गेली.

“खाली काय लिहिलंय?” त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

मी वाचलं. “या तुकड्यातलं काहीही हरवलेलं नाही, असं.”

“त्याला काय कळतंय,” आपा म्हणाल्या. “लाव परत.”