भिजलेल्या घोड्यांचा कायदा

पेट्या उघडल्या त्या दिवशी बागवाल्यांना तोटा कळला. मेरी-गो-राउंडसाठी परदेशातून मागवलेले लाकडी घोडे पाण्यानं फुगून तडकले होते. एकाचाही पाय धड नव्हता. मुलांच्या बागेत घोडे फिरवायचे ही त्यांच्या बायकोची हौस. पेट्या आल्या त्याच आठवड्यात ती देवाघरी गेली, आणि पेट्या महिनाभर आवारात तशाच पडून राहिल्या.

बागवाल्यांनी त्याच दिवशी तक्रार केली, पण घोडे बनवणाऱ्या कंपनीनं हात वर केले. "माल मिळताच तक्रार करायची होती. मुदत गेली."

प्रकरण लवादाकडे गेलं. बागवाल्यांची मेहुणी वकील. तिनं करार वाचला आणि ओरडली, "भावोजी, हे काय करून ठेवलंत? कायदा तिसऱ्याच देशाचा!"

"त्यांना आपला नको होता, मला त्यांचा. म्हणून मधला मार्ग काढला."

"त्या देशात कधी गेलायत तरी?"

"नकाशात पाहिलाय."

लवादाच्या पंचांनीही तो नकाशातच पाहिला होता. त्यामुळे तिथला कायदा काय म्हणतो हेच आधी साक्षीपुराव्यानं सिद्ध करायचं ठरलं. देश एवढासा, या विषयातले जाणकार दोनच. प्राध्यापकांना मेहुणीनं गाठलं, प्राध्यापकबाईंना कंपनीनं. प्राध्यापकांनी लिहून दिलं, मुदत परिस्थिती बघून मोजायची. बाईंनी लिहून दिलं, माल हाती आला की लगेच.

सुनावणी पडद्यावर होती. दोन्ही जाणकार आपापल्या चौकटीत बसले. बाईंनी "लगेच म्हणजे लगेच" म्हणायला आणि कुत्रा भुंकायला एकच गाठ पडली. भुंकला दोन्ही चौकटींत.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "तुम्ही दोघं एकाच घरात आहात?"

"लग्न झाल्यापासून," प्राध्यापक म्हणाले.

"अहो, मग सांगायचं नाही?"

"विचारलं कुणी? समोरच्या साक्षीदाराशी बोलायचं नाही, असा तुमचाच हुकूम. तेव्हापासून घरात बोलणं बंद आहे. जेवण तयार आहे हेसुद्धा ही कुत्र्याला सांगते."

दोन्हीकडचे वकील एकदम उठले. अध्यक्षांनी दोघांना खाली बसवलं आणि हुकूम फिरवला. नवरा-बायकोनं आत्ताच बोलावं आणि जेवढं पटेल तेवढं एकत्र लिहून आणावं.

दोघं उठून गेले. माइक चालूच राहिला.

"माझ्याच पुस्तकातून उतरवलंस आणि माझ्याच विरुद्ध लावलंस!"

"तुझं पुस्तक वाचणारा मी एकटाच आहे, हे विसरू नकोस!"

एक पंच खाली बघून हसले. कंपनीचा वकील सगळं लिहून घेत होता. मेहुणीनं बागवाल्यांचा हात घट्ट धरला. "बोलू नका. श्वाससुद्धा हळू घ्या."

मग बाईंचा आवाज उतरला. "बरं, खरं सांग. मी गेले, आणि अंगणात अशा पेट्या येऊन पडल्या, तर तू त्या लगेच उघडशील?"

"मला त्या दिसणारसुद्धा नाहीत."

माइकवर कागद ओढल्याचा आणि पेन खरडल्याचा आवाज आला.

दोघं परतले ते एकाच चौकटीत. कागद बाईंनी वाचला: माणूस माल तपासू शकेल अशा स्थितीत येईल, तेव्हापासून मुदत मोजावी. त्यांच्या देशातल्या कायद्याचा अर्थ हाच, यावर दोघांचं एकमत आहे.

"आणि 'लगेच'चं काय?" कंपनीचा वकील किंचाळला.

"त्या दिवसापासून लगेच," बाई म्हणाल्या.

पंचांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. कायदा सिद्ध झाला. तक्रार मुदतीत होती.

मेहुणी खुर्चीवरून उडालीच. "भावोजी, जिंकलो!"

"थांबा," कंपनीचा वकील म्हणाला. "कायदा मान्य. पण घोडे भिजले कुठे? कारखान्यात, जहाजावर, की महिनाभर तुमच्या आवारात?"

मेहुणी हळूच वळली. "भावोजी, पेट्यांवर ताडपत्री होती ना?"

"असेल."

"असेल म्हणजे?"

"ताडपत्री तुझी ताई घालायची."

अध्यक्षांनी पुढची तारीख दिली. घोडे कुठे भिजले, हे अजून सिद्ध व्हायचं आहे.