टाइमआउट तीन सेकंद

टँकर मागवायला माणसाला फोनवर बारा मिनिटं बोलावं लागतं, हे शुद्ध मागासलेपण आहे, असं मी आमच्या जलतरंग सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं. बारा मिनिटं हा अंदाज नव्हता, मी घड्याळ लावून मोजली होती! आमच्या सेक्रेटरी शीलाकाकू पडेगावच्या टँकरवाल्या कडुबांना फोन करायच्या. त्यात पाण्याबद्दल एक वाक्य, आणि बाकी सगळं कडुबांच्या बायकोशी, म्हणजे दगडाबाईंशी, शेळ्या, गुडघे आणि सुना या विषयांवर!

"काकू, कडुबांची आता वेबसाइट झालीय," मी म्हणाले. "मी पायथनमध्ये प्रोग्राम लिहिते. एक बटण दाबायचं, टँकर दारात!"

"मृण्मयी, रविवारी योगिनीच्या बाळाचं बारसं आहे गं." योगिनी काकूंची लेक, बाळंतपणाला आलेली. "साठ माणसं येणार. नळाला पाणी येऊन नऊ दिवस झालेत. टाकीत बादली सोडली तर नुसता आवाज वर येतो. जमेल ना नक्की?"

"काकू, मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आहे!"

त्याचा टँकरशी काय संबंध, असं त्यांनी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आता थोडं तांत्रिक सांगते, घाबरू नका. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं काम. मी घेतलेली लायब्ररी इंटरनेटवरून आपला निरोप नेते आणि उत्तर आणते. निरोप देऊन पाठवलेल्या पोरासारखीच ती, तिला दोन गोष्टी बजावून ठेवायच्या असतात: उत्तरासाठी किती वेळ थांबायचं, आणि नाहीच मिळालं तर किती वेळा पुन्हा विचारायचं. काहीच बजावलं नाही तर काय होतं? मी कुतूहलानं वाचून काढलं. तर ती थांबूनच राहते! तासभर, दिवसभर, कितीही! मला तिची दया आली. इतकं भोळं असून कसं चालेल?

मी आकडेमोड केली. प्रकाश चंद्रावर जाऊन तीन सेकंदांच्या आत परत येतो. पडेगाव चंद्राहून जवळ आहे. म्हणून थांबायची मुदत, म्हणजे टाइमआउट, तीन सेकंद! आणि उत्तर न आल्यास आणखी पाच प्रयत्न.

रविवारी सकाळी सात वाजता मी बटण दाबलं.

स्क्रीनवर आलं: वेळ संपली. मग पुन्हा: वेळ संपली. एकूण सहा वेळा वेळ संपली, आणि प्रोग्रामनं रुसून मान टाकली.

मी वेबसाइट उघडून पाहिली, ती टुणटुणीत होती. राउटर बंद करून चालू केला. फायरवॉल तपासली. निरोपाचं एकेक अक्षर पडताळलं. खरं सांगू, मला मजा येत होती! बिघाड कुठं आहे हे कळत नसणं यासारखं सुख नाही. फक्त खालच्या मजल्यावर एक बाळ अंघोळीसाठी रडत होतं.

"काय गं, आला का निरोप?" काकू दारात.

"काकू, उत्तर परतीच्या वाटेवर कुठंतरी हरवतंय. फार रंजक केस आहे!"

"रंजक? अगं, योगिनीनं पिण्याच्या जारमधलं पाणी तापवायला ठेवलंय! मी फोन लावते."

"नको! फक्त दहा मिनिटं द्या."

अशी दहा मिनिटं मी नऊ वेळा मागितली. साडेआठच्या पुढं काकूंनी माझ्याशी बोलणं सोडून फोन हातात घेतला, आणि तेवढ्यात गल्लीत हॉर्न वाजला. टँकर!

"बघा!" मी गॅलरीतून ओरडले. "झालं की नाही काम?"

मग दुसरा हॉर्न वाजला. मग तिसरा. आमची गल्ली पुढं बंद आहे, आणि तिच्यात एकामागून एक टँकर शिरत होते, नळीत अडकलेल्या गोट्यांसारखे! मी मोजले. सहा.

पहिल्यातून कडुबा उतरले. "घ्या काकू, सहाच्या सहा आणलेत. कुठं वतायचं?"

"सहा? आमच्या टाकीत एकच मावतो हो!"

"आता मला काय इचारता? मालकीण म्हणली ने, म्या आनले."

त्यांच्या विहिरीतून दिवसाला सहाच टँकर निघतात, आणि आमच्या भागात त्यावर जगणाऱ्या सोसायट्याही सहाच आहेत. त्यामुळं पुढं जे झालं ते गणितानं झालं. शेवटच्या टँकरमागं उरलेल्या पाच सोसायट्यांची माणसं घागरी, ड्रम, बादल्या घेऊन जमली. सगळ्यांत पुढं समोरच्या सोसायटीचे चेअरमन अप्पाराव, हातात टब.

"क्या बात है शीलाताई! आमच्याकडं 'आज पाणी नाय' म्हणून मेसेज, अन् इथं काय पोहायचा तलाव बांधलाय का?"

त्या गर्दीपलीकडं बाळाची आत्या. ती फर्दापूरहून पहाटेच निघाली होती आणि नाव तिच्याच पोटात होतं. ती ओठ घट्ट मिटून रिक्षात बसून होती. ती आत आल्याशिवाय बारसं होणार नव्हतं, आणि टँकर हलल्याशिवाय ती आत येणार नव्हती.

सहाव्या टँकरच्या केबिनमधून दगडाबाई उतरल्या. हातात बाळासाठी कुंची.

"मावशी, सहा का पाठवलेत?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

"अगं, सा डाव घंटी वाजली ना! तुमच्याच नावानं! म्या हिरीत दोरी सोडली, वल्या गाठी मोजल्या. सा भरल्या, एक गाठ म्हंजी एक टँकर. म्हणलं, बाळंतिणीचं घर, साठ मानसं, लई नड असंल. दिलं समद्यांवर 'व्हय' दाबून. बाकीच्यांना नाय म्हणून कळवलं."

"आणि हे सगळं करायला किती वेळ लागला?"

"लई नाय. धारा काढल्या, चष्मा घावला, मंग हिरीवर गेले. तासभर."

वेबसाइट त्यांच्या भाच्यानं केली होती, बिडकीनच्या कंपनीत असतो तो. रामप्रसाद. मी त्याला तिथूनच फोन लावला.

"ताई, मामीनं 'व्हय' दाबल्याबिगर सर्व्हर उत्तरच देत नाय," तो म्हणाला. "तोवर समोरचा थांबून ऱ्हातो. तुम्ही टाइमआउट किती ठेवलाय?"

"तीन."

"तीन तास? मंग बरोबर हाय की."

"सेकंद."

त्यानं 'सेकंद' हा शब्द स्वतःशीच एकदा म्हणून पाहिला.

"ताई, काहीच सेटिंग केली नसती ना, तर एकच टँकर आला असता."

म्हणजे माझा निरोप सहाही वेळा व्यवस्थित पोचला होता. वाट पाहणं फक्त मी सोडलं होतं!

मी हे ज्ञान पचवत होते तेव्हा शीलाकाकू पदर खोचून रस्त्यावर उतरल्या होत्या. "अप्पाराव, टब खाली ठेवा, माणसं बाजूला घ्या! शेवटचा टँकर आधी मागं निघेल, तो तुमचा. पाचवा गुलमोहर सोसायटीचा. कडुबा, तुमचा राहू दे, पाइप सोडा आमच्या टाकीत!"

"काकू, जो शेवटी आला तो आधी बाहेर, याला संगणकशास्त्रात स्टॅक म्हणतात," मी म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

पाच टँकर उलटे काढायला पाऊण तास लागला, मग टाकी, अंघोळी आणि साठ माणसांचा स्वयंपाक यांत दुपार झाली. अकराचं बारसं एकला झालं. बाळ अंघोळ करून गुलाबी झालं होतं, आत्यानं कानात नाव सांगितल्यावर ते मोठ्यांदा शिंकलं, आणि दगडाबाईंची कुंची त्याच्या डोक्यावर होती. काकूंनी अप्पारावांनाही आग्रहानं पेढ्याला बोलावलं. मी एका कोपऱ्यात भिंतीशी एकरूप होऊन उभी होते.

अप्पाराव हळूच माझ्याजवळ सरकले. इकडंतिकडं बघत खाजगी आवाजात म्हणाले, "पोरी, उन्हाळा अजून महिनाभर हाय. ती तीन सेकंदांची सेटिंग आमच्या सोसायटीला पण करून देतीस का?"

मी घाईघाईनं अख्खा पेढा तोंडात कोंबला. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही.

अप्पाराव मात्र थांबले. मी दुसरा पेढा उचलला, तरी थांबले.