भाकरीचा आहेर

वसुली कशी करायची हे मला कोणी शिकवू नये! घरात अकरा महिन्यांची लेक असली की मुठीतली वस्तू कशी काढून घ्यायची याचं शिक्षण बाईला फुकट मिळतं. आमच्या मनूच्या मुठीतून मी चमचा काढलाय, चप्पल काढलीय, एकदा तर बेडकाचं जिवंत पिल्लू काढलंय. मग टोकावड्याच्या आदेशशेठच्या मुठीतून सात हजार दोनशे रुपये काढायला असा कितीसा वेळ लागणार?

(मनू आत्ता माझ्या मांडीवर झोपलीय, एक पाय कागदावर टाकून. पाय हलवायची हिंमत नाही, म्हणून त्याच्या कडेकडेने लिहितेय.)

तर झालं असं. मी आणि गिरजामावशी मिळून माळशेज रस्त्यावरच्या 'हॉटेल राजयोग'ला तांदळाच्या भाकऱ्या पुरवायचो. उकड मी काढायची, थापायच्या मावशीने, भाजायच्या दोघींनी आणि टोपली एसटीत चढवायची संदीपने, म्हणजे आमच्या ह्यांनी. पैसे अर्धे-अर्धे. थंडीभर आदेशशेठ 'पुढच्या आठवड्यात, ताई' म्हणत राहिला, आणि शिमगा झाल्यावर एके दिवशी राजयोगला कुलूप!

मला माझ्या अर्ध्याचं एवढं काही नव्हतं. पण वाडीवरच्या मावशीच्या घरावर पावसाच्या आधी पत्रे पडायला हवे होते. ती पैसे कधी मागायची नाही. नुसती भाकरी थापता थापता आभाळाकडे बघायची. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं!

आणि अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी संदीपने बातमी आणली. "राजयोग उघडतंय गो उद्या! नाव बदललंय. 'हॉटेल घरची चूल'."

मी लगेच फोन लावला.

"ताई, राजयोगचं देणं राजयोगनं द्यायचं," आदेशशेठ म्हणाला. "ह्ये हॉटेल येगळं. मालकीन पण येगळी."

"कोण मालकीण?"

"माजी बायको."

झालं! मी ठरवलं, उद्घाटनालाच जायचं. चार माणसांत उभं राहून मागायचे. पाहुण्यांसमोर पळून पळून पळणार कुठं?

"मी येऊ का?" संदीपने विचारलं.

"नको. तुम्ही समोरच्याची अडचण ऐकून स्वतःच्याच खिशात हात घालता."

मनूला कडेवर मारली आणि एसटीने टोकावडं गाठलं. हॉटेल वेगळं म्हणे! टेबलं तीच, खुर्च्या त्याच, पाटीवरच्या नव्या रंगाखालून 'राजयोग' हळूच डोकावत होतं. दाराशी झोपलेलं कुत्रंसुद्धा तेच. मला बघून त्याने शेपूट हलवलं. निदान त्याने तरी जुनी ओळख नाकारली नाही!

मांडव होता, भोंगा होता, आणि मांडवाच्या कोपऱ्यात एका टेबलासमोर रांग होती. टेबलामागे फेटेवाले मामा वही उघडून बसले होते. रांगेत कोण? आदेशशेठला दूध घालणारे झिपरूदादा! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. राजयोगने बुडवलेली सगळी मंडळी रांगेत उभी आहेत, आणि नवी मालकीण मुहूर्तावर सगळ्यांची देणी फेडतेय! किती भली बाई! मी पदर खोचला आणि झिपरूदादांच्या मागे उभी राहिले.

"दादा, तुमचे किती?"

"पाश्शे एक."

"एवढेच?" महिनोनमहिने दूध घातलं त्या माणसाने! बिचारा दबून गेला असणार.

"यवढंच जमतंय गो यंदा. तुजं किती?"

"सात हजार दोनशे. एक रुपया कमी नाही!"

झिपरूदादांनी माझ्याकडे, मनूकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "घरचं काय बोलत नायत?"

"घरच्यांना काय विचारायचं? माझ्या कष्टाचे आहेत!"

ते दोन पावलं सरकले आणि मला पुढे जायला जागा दिली. रांगेतल्या बाकीच्यांनीही दिली. मला वाटलं, कडेवरच्या लेकराला बघून.

मामांनी विचारलं, "नाव?"

"नम्रता. मुरबाडची."

"किती ल्हिवू?"

"सात हजार दोनशे."

मामांचं पेन थांबलं. "ताई, बराबर सांगताव ना?"

"बरोबर! आणि मामा, हे तुमच्या हाताने नको. आदेशशेठच्या हातानेच झालं पाहिजे. सगळ्यांच्या समोर!"

"धन्य गो माय तुजी!" असं म्हणत मामांनी वहीत लिहिलं, उठले आणि थेट माइकवाल्याच्या कानाला लागले. सनई बंद पडली. भोंगा खाकरला.

"ऐका हो मंडळी ऐका! आदेशशेठच्या चिरंजीवाच्या बारशाला, मुरबाडच्या नम्रताताईंकडून, रोख सात हजार दोनशे रुपये आहेर!"

बारसं? आहेर?

मी वळून बघितलं. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, फुगे लावलेला पाळणा! आदेशशेठने एकाच मांडवात, एकाच जेवणावळीत, हॉटेलचं उद्घाटन आणि पोराचं बारसं उरकलं होतं. आणि मी आहेराच्या रांगेत उभं राहून, गर्जना करून, स्वतःचं येणं आहेर म्हणून लिहून आले होते!

टाळ्या! अशा टाळ्या, की मनूही दोन्ही हातांनी वाजवायला लागली. घरची लेकच फितूर!

"अहो दादा," मी झिपरूदादांचा हात धरला, "तुमचं दुधाचं येणं आहे ना ह्यांच्याकडे?"

"हाय की."

"मग आहेर कसला करताय?"

"दूध येगळं, बारसं येगळं. भाचा लागतो ना मला."

तेवढ्यात आदेशशेठची आई आली आणि तिने मला छातीशीच धरलं. मागून बायको आली, रुपाली. कोवळी पोर, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. माझीही पहिले तीन महिने तशीच होती. तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. त्याने माझं बोट घट्ट धरलं, मनूने त्याचं टोपडं धरलं. आता सांगा, तान्ह्या लेकराला मांडीवर घेऊन त्याच्या आईला कसं म्हणायचं, 'बाई, तुझा नवरा माझे भाकरीचे पैसे देत नाही'? माझ्या तोंडून शब्द फुटला तो एवढाच, "डोळे अगदी तुझ्यासारखे हो!"

आदेशशेठ आला. चेहरा आमसुलासारखा काळाठिक्कर. माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाला, "ताई, ह्ये काय क्येलंत? पैशे कुटं हायत?"

"तुमच्याकडेच आहेत की. थंडीपासून!"

तो क्षणभर गोंधळला. मग हिशेब त्याच्या डोक्यात उतरला आणि आमसुलाचा एकदम हापूस झाला. "म्हंजे फिटलं! काय मोठं मन हाय, ताई तुमचं! बसा, जेवून जावा!"

माझ्या डोळ्यांसमोर मावशीचं घर आलं. उघडं. पाणी माझ्या डोळ्यांत आलं, आणि आदेशशेठच्या आईला वाटलं, मी आनंदाने रडतेय! तिने माझे डोळे पुसले आणि लेकाकडे वळली.

"आद्या, नीट ऐक. ह्या बाईच्या घरी कार्य निंगालं का वर भर घालून आहेर न्यायचा. मी जित्ती हाय तवर आपल्या घरानं कुनाचा आहेर ठिवलेला नाय. माइकवर गाजलाय तो! सगल्या गावानं ऐकलाय!"

हापूसचं पुन्हा आमसूल झालं.

"हो, हो, नेऊ की," तो पुटपुटला. "कार्य निंगू दे तर खरं. कवा हाय कार्य?"

"रविवारी!" मी म्हणाले.

"येत्या?"

"येत्याच! मनूचा पहिला वाढदिवस!"

घरी आल्यावर संदीपने कपाळाला हात लावला. "अगो, वाढदिवस आषाढात हाय!"

"आषाढात चिखलातून कोण येणार? आणि दोन महिने आधी केला म्हणून पोर काय म्हातारी होत नाही!"

मावशीला सगळं सांगितलं. ती एवढी हसली की भाकरीला भोक पडलं. "बारशाला गेलीस नि माजं पत्रं पालन्यात ठिवून आलीस व्हय गो?"

"आणते ना परत! रविवारी!"

"आन बाय. नायतर पाऊस आला का मी येतेच तुज्या घरात झोपायला. मी घोरते पन!"

रविवारी अंगणात छोटा मांडव घातला, माइक भाड्याने आणला. जेवायला काय? आमटी आणि भाकरी! दुसरं काही परवडत नव्हतं. आदेशशेठ येईल की नाही, या काळजीने मी तीन वेळा मीठ घातलं. पण आला! एकटा नाही, आई त्याला पुढे घालून घेऊन आली, शेतातून चुकार बैल आणावा तशी. तिने स्वतः माइकवाल्याला नाव सांगितलं आणि स्वतः रक्कम मोजून घेतली. सात हजार पाचशे एक! भोंगा दणाणला, आणि मनू आपल्याच वाढदिवसाला घाबरून भोकाड पसरून रडली.

मी तश्शीच मागच्या दारी गेले. चुलीपुढे बसलेल्या मावशीच्या हातात तिचा वाटा ठेवला. तिने पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि नोटा कनवटीला लावल्या. वर आभाळाकडे बघितलं, पण या वेळी दम भरल्यासारखं. पुढच्याच आठवड्यात घरावर पत्रे चढले.

इथे गोष्ट संपली असं मला वाटलं होतं. पण भोंग्याचा आवाज फार लांब जातो हो! पहिली पत्रिका आली शहापूरहून, आदेशशेठच्या सासुरवाडीची, हळदीची. मग भातसानगरच्या कुणाच्या तरी सेवापूर्तीची. मग टोकावड्याहून दोन जावळं आणि एका सलूनचं उद्घाटन. प्रत्येकावर माझं नाव ठळक, संदीपचं खाली कंसात.

"अगो ही बघ," संदीप एक पत्रिका उजेडात धरून म्हणाला, "ह्यात 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं हाय, पन तुज्यासाठी तेवढी ओळ पेनानं खोडलीय!"

काल दुपारी मनूला भात भरवत ओट्यावर बसले होते. मोटरसायकलवरून दोघे आले. एकाच्या हातात हळद-कुंकू लावलेला पत्रिकांचा गठ्ठा.

"नम्रताताईंचं घर हेच ना? त्या सात हजारवाल्या?"

मी पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"नम्रता? ती गेली हो इथून. कुठे गेली, काही कल्पना नाही. इथं आता जयश्री राहते."

"मंग तुमी कोन?"

"मीच ती जयश्री."

ते एकमेकांकडे बघत उभे. मनू भाताचा हात नाचवत माझा पदर मागे ओढतेय. आणि आतून, चुलीपाशी बसलेल्या गिरजामावशीची हाक आली.

"गो जयश्रीऽऽ! ये लवकर, उकड थंड व्हतेय!"