आत्मारामपंतांच्या दाढेचा कौल

रत्नागिरीच्या एका कचेरीतले अव्वल कारकून आत्मारामपंत यांच्या खालच्या जबड्यातील उजव्या दाढेचा प्रश्न दोन पावसाळे विचाराधीन होता. दाढ किडली होती, हे सर्व पक्षांना मान्य होते. भोवतालची हिरडी पिकल्या करवंदासारखी काळीजांभळी झाली होती आणि दाबली की पू येई, याबद्दलही वाद नव्हता. प्रश्न एवढाच होता, की काढायची हे ठरवायचे कुणी?

स्वतः काही ठरवणे पंतांच्या रक्तात नव्हते. कचेरीत त्यांनी आजवर एकाही अर्जदाराला नकार दिला नव्हता आणि एकाचेही काम केले नव्हते. "होईल हो, वरून हुकूम येऊ दे," हे ते इतक्या मायेने सांगत, की माणूस हात जोडून जिना उतरे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मात्र तोंडात डोकावून स्पष्ट सांगितले होते, "काढा. नाहीतर विष हाडात उतरेल आणि जबडा जाईल." पण डॉक्टर पडले दुसऱ्या खात्याचे. शिवाय त्यांचा चिमटा पंतांनी पाहिला होता.

"अहो, गाल बघा केवढा झालाय!" आनंदीबाई नवऱ्यापुढे पेजेचे ताट आपटत म्हणाल्या. "जबडा गेल्यावर काढणार आहात का दाढ?"

"वरून आल्याशिवाय कसं..."

"मग जा देवीकडे. तिच्यावर कुणी साहेब नाही!"

पंतांना हा मार्ग रीतसर वाटला. ते ग्रामदेवीच्या देवळात गेले. शिवा गुरवाने देवीच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. शिवाने गाऱ्हाणे घातले, "आई, तुजा लेकरू दाढ घेऊन उभा ऱ्हायलाय. काढू काय, ता सांग म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," पंत गाल धरून म्हणाले.

टपकन उजवी पाकळी पडली.

"सांगितलान! काढा," शिवा म्हणाला.

पंत पुढे सरसावले. "शिवा, दाढही उजव्याच बाजूची आहे. देवीनं नुसती ओळख पटवली असेल. परत लाव."

परत उजवी पडली. पंतांनी वाऱ्याबद्दल हरकत घेतली, दार लावून घेतले. तरी उजवी. तिकडे शिवाची पेज घरी निवत होती. मग पंतांनी नोकरीतली सारी हुशारी पणाला लावली.

"काढायचीच आहे रे, त्याला ना कुठाय? फक्त शिमग्याची पालखी दारात येऊन गेल्यावर काढली तर चालेल का, एवढं विचार."

उजवी पडली. पंतांनी साष्टांग नमस्कार घातला. दाढ काढायला देवीची मंजुरी मिळाली होती आणि दाढ तोंडातच होती!

शिमगा झाला. आता आंबे येणार, त्याला तोंड नको का? पंतांनी विचारले, देवी हो म्हणाली. आंबे झाले. दाढ काढायची तर मुंबईच्या तज्ज्ञाकडूनच, असे ठरले, तोवर पावसाळ्यामुळे मुंबईच्या आगबोटी बंद झाल्या. गणपती गेल्यावर? त्यालाही होकार. इतकी समजूतदार वरिष्ठ पंतांना साऱ्या नोकरीत भेटली नव्हती.

ऐन पावसात एके सकाळी त्यांनी आरशात पाहिले. गाल डोळ्यापर्यंत चढलेला, अंगात ताप, नजर केविलवाणी. ही नजर ओळखीची होती. बांधाच्या तंट्यासाठी वर्षानुवर्षे कचेरीचा जिना चढणारा धाकू अशाच नजरेने बघे. "अर्जदार दारात आला आहे," पंत आरशाला म्हणाले, "आणि कारकून जागेवर नाही." त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

गणपती यायच्या आतच त्यांना बैलगाडीत घालून दवाखान्यात न्यावे लागले. दाढ निघाली, तिच्या शेजारणी निघाल्या, जबड्याच्या हाडाचा तुकडाही निघाला. घरी आल्यावर पंत हसले, तर हसू डावीकडेच उमटले.

समाचाराला धाकू आला. "रावसाब, लय हाल झालं तुमचं. येळीच काढली असतीत तर?" मग ओशाळून म्हणाला, "बरं, माज्या बांधाचा काय?"

पंतांचे डोळे भरून आले. आता या माणसाचे काम उद्याच करायचे, असे त्यांनी मनात अगदी पक्के केले. गालावरचे फडके सावरून ते मोठ्या मायेने बोबडले,

"होईल हो. शिमगा होऊन जाऊ दे."

हसलात ना? हसा. पण मघापासून हे वाचताना तुमची जीभ ज्या दाढेला चाचपते आहे, तिचे काय ठरले?