नदीपलीकडचा शनिवार

वेन्डेलला सकाळपासून खुर्ची टोचत होती. टेबलावर मागचं टोक नसलेली नवी आखूड बंदूक पडली होती आणि तिला खांद्याला टेकवायचा दस्ता लावायचा की हाताला बांधायचा ब्रेस, हे काही केल्या ठरत नव्हतं.

"ब्रेसचा पट्टा हाताला बांधायचा. मग ती कायद्यानं पिस्तूल," दुकानदार कर्टिसनं बजावलं होतं. "नदीच्या पुलावरून खुशाल पलीकडच्या ओहायो राज्यात ने. दस्ता लावलास की झाली आखूड रायफल. आधी बोटांचे ठसे, फोटो, सरकारची मंजुरी. वर राज्याबाहेर न्यायला पुन्हा वेगळी परवानगी."

शहाण्या माणसानं ब्रेस घेतला असता. पण वेन्डेलच्या सासूबाई, ओपल, पुलापलीकडेच राहत. त्यांच्या घेवड्यावर ग्राउंडहॉग, म्हणजे घुशीचे लठ्ठ चुलतभाऊच, तुटून पडले होते. जावयानं दर शनिवारी येऊन ते टिपावेत, असा हुकूम सुटला होता. आणि शनिवारी तर वेन्डेल तळ्यावर गळ टाकून बसायचा.

तो उठला, बसला, फ्रिज उघडून नुसताच बंद केला. अचानक त्याचा चेहरा उजळला. परवानगी ही अडचण कुठे होती? ती तर ढाल होती!

"दस्ता!" तो ओरडला.

"काल रात्री ब्रेस होता," त्याची बायको ग्लेंडा भांडी पुसता पुसता म्हणाली.

त्यानं फोन करून कर्टिसला दस्ता सांगून ठेवला आणि मग आवाज पाडून सासूबाईंना फोन लावला. "आई, मी दस्ता लावतोय. पण सरकार आडवं आलंय हो. मंजुरीलाच महिने जातील."

"मग तुझी जुनी लांब बंदूक आण."

"ती देऊनच ही घेतली."

"ह्यांची बारा बोअरची बंदूक पडलीय माझ्याकडे."

"खांदा दुखतो, आई. धक्का सोसत नाही."

"खांदा दुखतो? मग दस्ता कुठे टेकवणार आहेस, टकलाला?"

"ही... ही हलकी आहे."

वेन्डेलनं मनातल्या मनात गळाला आमिषही लावून टाकलं.

"राहू दे," ओपल मायेनं म्हणाल्या. "नाहीतरी त्या मेल्यांनी मला खायला काही ठेवलेलं नाही. मंजुरी येईपर्यंत मीच येते तुमच्याकडे राहायला. तळघरातली खोली रिकामी करा. आणि शनिवारी तळ्यावर एकटा काय बसतोस? मी येईन सोबतीला. गप्पा मारू."

दुपारच्या आत वेन्डेल कर्टिसच्या दुकानात होता.

"ब्रेस दे."

"फोनवर तर दस्ता म्हणालास."

"सरकारला कशाला उगाच त्रास?"

शनिवारी उजाडताच तो पूल ओलांडून गेला आणि हाताला पट्टा आवळून घेवड्यासमोर बसला. ऊन चढलं, पट्ट्याखाली हाताला घाम फुटला, पण एकही ग्राउंडहॉग बिळातून नाक बाहेर काढेना. शेवटी ओपल बशीत ॲपल पायचा तुकडा घेऊन बाहेर आल्या आणि शेजारी खुर्ची ओढून आरामात बसल्या.

"शनिवारी ते येतच नाहीत रे," त्या म्हणाल्या. "रविवारी येतात. उद्या चर्च झालं की ये."