शून्य मजला

इस्पितळाची वेब सर्व्हिस ती एकटी सांभाळायची. पेशंटचं नाव, टोकन, कुठल्या मजल्यावर जायचं, हे सगळं तिथून जेसन नावाच्या साच्यात भरून हॉलमधल्या पडद्यावर जाई. पडदा हल्ली फार रेंगाळू लागला होता, म्हणून मंगळवारी सकाळी तिने एक सेटिंग बदलली: रिकाम्या नोंदी पाठवायच्याच नाहीत. पडदा झरझर पळू लागला. स्वतःवर खूश होऊन तिने कॉफी घेतली.

सर्व्हिस ज्या तयार सांगाड्यावर, म्हणजे फ्रेमवर्कवर, उभी होती ते मात्र शून्यालाही रिकामंच धरत होतं, आणि हाडांचा विभाग असलेल्या तळमजल्याचा आकडा होता शून्य. मजल्याचा आकडा आला नाही की पडदा आधीच्या पेशंटचाच मजला दाखवायचा. त्या दिवशी पहिला पेशंट डोळ्यांचा होता, तिसऱ्या मजल्यावरचा.

अकराच्या सुमारास नर्सचा फोन आला. "मॅडम, डोळ्यांच्या विभागात नऊ काठ्या आणि दोन वॉकर आलेत. खाली हाडांचे डॉक्टर एकटेच बसलेत. आज सुट्टी आहे का, विचारताहेत."

तिने कपाळावर हात मारला. शून्य वगळायचं नाही, एवढं सेटिंगला बजावून ती माफी मागायला वर धावली. तिथल्या तंत्रज्ञाने समोर येईल त्याला तपासायचा सपाटा लावला होता. यंत्रावर हनुवटी टेकवून बसले होते तिचे सासरे. त्यांची गुडघ्याची अपॉइंटमेंट तिनेच घेतली होती.

"बाबा, तुम्ही इथे कसे?"

"पडद्यावर तिसरा मजला आला, आलो. अगं, हल्ली गुडघा डोळ्यातून बघतात. विज्ञान कुठल्या कुठे गेलंय."

तेवढ्यात डोळ्यांच्या डॉक्टर कागद घेऊन बाहेर आल्या. "यांना कोणी पाठवलं?"

"मी. म्हणजे माझ्या सेटिंगने. चूक झाली."

"डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे. दुखत नाही, म्हणून कळत नाही. वर्षभराने आले असते तर नजर गेली असती. आजच थेंब सुरू करू, डोळा वाचेल."

सासरे यंत्रापासून उठले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, तुझे उपकार कसे फेडू?"

"बाबा, अहो ती चूक होती. मी दुरुस्तसुद्धा केली."

"केलीस?" सासरे जरा हिरमुसले. "दोन दिवस थांबायचंस ना. तुझ्या सासूला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. सरळ सांगून ती यायची नाही."